महादेवरावांचा उजवा पाय

नालवाडीत गोपालचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्या दुकानातलं भंगार उचलून घरात आणणारी बायको आहे, जया. बाकीच्या बायका दागिने जमवतात, हिने जुन्या चेन जमवल्या. त्यांतून ती दोरीवरच्या बाहुल्या करते. चेनचे हात, स्पोकची बोटं, वर आडव्या पट्टीला बांधलेलं नायलॉनचं तंगूस. शाळाशाळांतून खेळ करते. गोपाल आधी हसायचा. आता गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून तिच्यासाठी बेअरिंग शोधतो, म्हणजे दोघंही कामातून गेले.

घरात एकाच वस्तूला हात लावायची बंदी होती, ती म्हणजे सासऱ्यांची लुना. महादेवराव तिच्यावरून दूध घालायचे. ते गेल्यावर ती कडुलिंबाखाली गंजत राहिली, तरी सासूबाई, सीताबाई, तिला रोज सकाळी फडक्याने पुसायच्या.

सीताबाई लेकीकडे आर्वीला गेल्या आणि जयाने डाव साधला. विचारलं असतं तर नाहीच म्हणाल्या असत्या, म्हणून न विचारताच लुना खोलून तिने सासऱ्यांची बाहुली केली. हेडलाइटच्या डब्याचं डोकं, सीटच्या रेक्झिनची बंडी, आणि महादेवरावांसारखा लंगडा पाय. सासूबाई बघून खूश होतील, असं तिला खरंच वाटत होतं.

सीताबाई परतल्या. कडुलिंबाखालची रिकामी जागा त्यांनी पाहिली आणि बाजेवर बसल्या. जयाने ठेवलेल्या चहाला हातही लावला नाही.

"मी म्हनलं होतं तुले," गोपाल म्हणाला. नटबोल्ट त्यानेच खोलले होते.

जयाला चार शिव्या परवडल्या असत्या. ही बाई आपल्याशी पुन्हा बोलणारच नाही, या भीतीने तिला घेरलं. शेवटी तिने बाहुली अंगणात आणली आणि मागे उभी राहून बाजेकडे चालवली.

"हे कोन होय वं?" सीताबाईंनी विचारलं.

"मामाजी."

"हे कसे? तुहे मामाजी उजव्या पायानं लंगडत. हा डावा घासून राह्यला."

जयाने जीभ चावली. सासऱ्यांना तिने कायम फाटकातून समोर येताना पाहिलं होतं. बाहुली नाचवणारी मात्र बाहुलीच्या मागे असते. समोरून डावीकडे दिसणारा पाय तिने डावाच धरला होता.

"आत्याबाई, चुकलं माह्यं. इचारल्याबिगर लुना खोलली."

"पाय दुरुस्त कर आधी."

तिने तिथेच मांडी घालून दोऱ्या सोडल्या, डाव्या-उजव्या गुडघ्यांचे स्क्रू आपसांत बदलले. मग महादेवराव पुन्हा निघाले. उजवा पाय घासत, जरा थांबत, दुधाच्या फेरीवरून आल्यासारखे. सीताबाई बघत राहिल्या. ते अगदी जवळ आले तेव्हा त्या बाजेवर सरकल्या आणि शेजारी जागा केली.

"बसव त्यायले," त्या म्हणाल्या, आणि उशाखालून लुना पुसायचं फडकं काढलं.