‘बंधारा’चा शेवट कोणी ऐकला?

बँड काढला की गाणी कमी आणि किस्से जास्त जमा होतात. आमची गाणी सगळी मिळून एका अल्बमात मावली. किस्से उरले. घरी पाहुणे आले की तेच सांगायला लावतात. गाणी ऐकव, असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

आम्ही तिघं, हिंदी मुलखातल्या एका शहरातले. माझा मामेभाऊ शिरीष, दिवसा डिफेन्स फॅक्टरीत आणि घरी आला की गिटारवर. ड्रमवर पंकज, त्याच्या वडिलांचं बडा फुहाऱ्याच्या बाजारात साड्यांचं दुकान. कीबोर्डवर मी, एरवी शाळेत गणित शिकवते. अल्बमचं नाव ‘बंधारा’. प्रकार प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे गाणं संपलं असं वाटतं तेव्हा ते जेमतेम अर्ध्यावर आलेलं असतं.

शेवटचं गाणंही ‘बंधारा’च. ते तर लग्नाच्या पंगतीएवढं लांबतं. त्याच्या शेवटच्या भागासाठी शिरीषने वर्षभर जीव आटवला. इंटरनेटवर टाकल्यावर कळलं, की लोक गाणं कुठे सोडून जातात तेही तिथे दिसतं. शेवटपर्यंत कोणीच पोचत नव्हतं. शिरीषला नाव नको होतं, पैसा नको होता. कोणीतरी एकाने पूर्ण ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि तेवढ्यासाठी तो झुरत होता.

*

पहिली दाद पंकजच्या वडिलांनी दिली. एका संध्याकाळी आम्ही दुकानात गेलो, तर आमचा अल्बम चक्क स्पीकरवर! शिरीषचा चेहरा असा खुलला, की मला त्याची कीव आली.

“अंकल, आप रोज़ सुनते हैं?”

“रोज़ बेटा. रात को दुकान बढ़ाने के टाइम लगा देता हूँ. पहले औरतें सौ साड़ी खुलवाकर भी बैठी रहती थीं. अब अपने आप उठ जाती हैं. बहुत बढ़िया चीज़ बनाई तुम लोगों ने.”

“और आख़िरी गाना?”

“वहाँ तक ज़रूरत ही नहीं पड़ती.”

*

मग मुंबईच्या एका वेबसाइटवर परीक्षण आलं. लिहिणारा मोठा जाणकार असावा, कारण अर्धं मला कळलं नाही. ‘बंधारा’तल्या एका तालवाद्याने तो हलून गेला होता. ‘आदिम आणि निर्दय आघात’ असं त्याने लिहिलं होतं.

रेकॉर्डिंग शिरीषच्या घरात, आमच्याच शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात झालेलं. तो आघात म्हणजे भिंतीपलीकडच्या सुलभाकाकूंचा खलबत्ता. शिरीषने तो मुद्दाम ठेवला होता, कारण काकू चुकूनसुद्धा ताल सोडत नाहीत.

प्रामाणिकपणा म्हणून आम्ही काकूंना परीक्षण वाचून दाखवलं. त्या जरा दुखावल्या.

“निर्दय काहून म्हणते तो? जवसाची चटणी करून राहिली होती मी. जवस कुटावंच लागते.”

शिरीषने त्या जाणकाराला फोन करून विचारलं, “आणि शेवट कसा वाटला?”

तो म्हणाला, “त्या आघाताच्या पुढेही आहे का?”

*

आमच्या एका कार्यक्रमाची बातमी शहरातल्या हिंदी पेपरातही आली. त्यांच्याकडे संगीतावर लिहिणारं कोणी नव्हतं, म्हणून ओमती पोलीस ठाण्याच्या बातम्या देणाऱ्याला पाठवलं. त्याने त्याच्या सवयीने लिहिलं: ‘तीन लोग मंच पर चढ़े और देर तक बजाते रहे. लोगों ने समझाने का प्रयास किया. कोई हताहत नहीं. स्थिति सामान्य है.’

शिरीषचे वडील, म्हणजे माझे मामा, फॅक्टरीतून माल तपासणारे इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालेले. उभ्या आयुष्यात त्यांनी कशाला ‘छान’ म्हटल्याचं मला आठवत नाही. फार तर ‘पास’. त्यांनी बातमी चष्मा लावून दोनदा वाचली.

“कोणाला लागलं नाही ना? चलो, मग ठीक आहे,” म्हणाले, आणि पान उलटलं.

*

आता मंडळातल्या गणपतीचा किस्सा. आमच्या मराठी मंडळात एक रीत आहे. कोणताही कार्यक्रम गोखलेकाकांच्या आभारप्रदर्शनाने संपतो. त्याआधी कोणी उठायचं नाही आणि त्यानंतर कोणी थांबायचं नाही.

‘बंधारा’त शेवटच्या भागाआधी शिरीषने एक शांतता ठेवली आहे. सगळी वाद्यं थांबतात. आम्ही थांबलो, आणि गोखलेकाका माइकवर आले.

त्यांनी मांडववाल्याचे आभार मानले, लाइटवाल्याचे मानले, मसालेभाताला तांदूळ देणाऱ्यांचे मानले. शिरीष गिटारवर हात धरून उभाच. काका त्याचे शाळेतले सर, अडवणार कसा? लोक उठले, खुर्च्या सरकल्या, सगळे पानांवर जाऊन बसले. काकांनी माइक ठेवला आणि त्याच क्षणी शिरीषने शेवटचा भाग सुरू केला.

“अरे, आभार झाले ना!” काका चिडले आणि जेवायला गेले.

रिकाम्या हॉलसमोर आम्ही वाजवत होतो. शिरीषचे डोळे भरले होते, माझेही. तेव्हा मला तिसऱ्या रांगेत मामा दिसले. हाताची घडी, चष्मा नाकावर, मान जराही हलत नव्हती.

गाणं संपलं. अगदी खरोखर संपलं. मामा उठले, सावकाश स्टेजवर चढले आणि त्यांनी माइक हातात घेतला. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत घसा साफ केला.

“श्रोत्यांनी शेवटपर्यंत शांतता राखली, त्याबद्दल मंडळातर्फे त्यांचे आभार.”

मग खाली उतरले, आपल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि म्हणाले, “वन्स मोअर.”

पंकजने काड्या पिशवीत टाकल्या होत्या. “अंकल, सिर्फ़ लास्ट वाला पार्ट ना?”

“मधूनच काहून?” मामा म्हणाले. “पहिल्यापासून.”