आठवा राउंड

मखमलाबादच्या खंडेरावांनी आयुष्यात एकदाही बॉक्सिंगचे ग्लोव्हज घातले नव्हते. पण झेंडू तोडता तोडता ते एखादी लढत सांगायला लागले, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस जन्मभर रिंगमध्येच होता. विशीत असताना ते ओझरच्या कारखान्यात दोन वर्षं हंगामी कामाला होते. तिथल्या मैदानावर एका रविवारी कामगारांच्या लढती झाल्या. त्या पाहिल्या आणि वेड लागलं ते कायमचं. काम सुटलं, ते मळ्यात परत आले, लग्न झालं, केस पांढरे झाले. बॉक्सिंग काही सुटलं नाही.

त्यांची बायको कुसाबाई म्हणायची, "एकमेकांची तोंडं फोडायची, त्यात काय बघायचं असतं?"

"फोडायचं नसतंय गं, वाचवायचं असतंय," खंडेराव म्हणायचे.

भारतला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते नाशिकला, जिल्हा स्पर्धेत. वणीचा पंधरा वर्षांचा डावखुरा मुलगा. तो हरला, पण तिन्ही राउंड एक पाऊल मागे सरकला नाही. लढत संपल्यावर खंडेराव त्याला शोधत गेले आणि आपल्या डब्यातली भाकरी त्याच्यापुढे ठेवली. तिथून बारा वर्षं जिथे भारतची लढत, तिथे खंडेराव. कोल्हापूर, नागपूर, एकदा तर रेल्वेनं थेट रोहतक. भारत त्यांना नाना म्हणायचा. त्याच्या आणि उज्वलाच्या लग्नात मांडवाला लागलेलं प्रत्येक फूल नानांच्या मळ्यातलं होतं.

गेल्या वर्षी पुण्यात किताबाची लढत ठरली. दहा राउंडची. भारतचे प्रशिक्षक दिनेश सर यांनी नानांना रिंगमधल्या भारतच्या कोपऱ्याला लागूनच मागची खुर्ची मिळवून दिली. नाना इस्त्रीचा सदरा घालून दुपारीच जाऊन बसले.

पहिले चार राउंड भारतचे होते. पाचव्यात समोरच्याचा एक ठोसा कानशिलावर बसला आणि त्यानंतर भारतचे पाय जड पडायला लागले. सहावा गेला, सातवा गेला. सातव्यानंतर तो स्टुलावर बसला तेव्हा दिनेश सर त्याला काहीतरी विचारत होते आणि तो भलतीकडेच बघत होता. सरांनी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. तो रिंगमध्ये टाकला की लढत तिथेच थांबते.

नाना खुर्चीवरून उठले. "दिनेश, टॉवेल टाकू नको. बारा वर्षं या दिवसाची वाट बघितलीय पोरानं. उठतो तो. तू टाकू नको."

दिनेश सरांनी एकदा मागे वळून बघितलं. मग टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला.

आठव्यात भारतला फार मोठा ठोसा लागला असंही नाही. मिनिटभरानं तो आपल्या कोपऱ्याकडे चालत आला, जणू राउंड संपलाय, आणि गुडघ्यांवर बसला. मग आडवा झाला. त्याच रात्री मेंदूचं ऑपरेशन झालं. एकोणीस दिवस तो शुद्धीवर नव्हता. वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली.

दवाखान्यात नाना दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा परत फिरले.

लढतीचा व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. एका सकाळी कुसाबाई ओट्यावर बसून फुलं निवडत होती. शेजारच्या कुणीतरी तिला मोबाइलवर तो दाखवला. तिनं तो दोनदा ऐकला आणि नानांकडे बघितलं.

"हा आवाज तुमचाय."

तिनं ओंजळभर फुलं टोपलीत टाकली आणि आत गेली. त्या दिवसापासून नानांनी बॉक्सिंग बघणं सोडलं. मळ्यात ते लढती सांगेनासे झाले. कुसाबाई एकदा आपणहून म्हणाली, "सांगा की एखादी जुनी." ते नुसते तोडणी करत राहिले.

त्यांनी दिनेश सरांना फोन केला. सरांनी एव्हाना आपला क्लास बंद केला होता. नाना काही म्हणायच्या आत सर म्हणाले, "नाना, टॉवेल माझ्या हातात होता, तुमच्या नव्हता," आणि फोन ठेवला.

चार महिन्यांनी, एका मंगळवारी, नाना एसटीनं वणीला गेले. भारत दारापुढे खुर्चीत बसला होता. आत उज्वला शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होती. भारत नानांना बघून हसला. अर्धाच चेहरा हसला.

"नाना," तो शब्द शोधत म्हणाला, "मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. गाडीत बसलो, एवढंच. तुम्ही सांगा ना. तुमच्यासारखं कुणी सांगत नाही."

नानांनी सांगितलं. पहिला राउंड, दुसरा, प्रत्येक ठोसा. सातव्यापाशी ते थांबले.

"मग?"

"दिनेशनं टॉवेल हातात घेतला होता. मीच मागून वरडलो, टाकू नको म्हणून."

आतलं मशीन थांबलं.

"मी जिंकत होतो का?"

"चौथ्यापर्यंत. मग नाय."

"मग कशाला ओरडलात?"

"वाटलं, तू उठशील. दर टायमाला उठायचास."

"हो, उठायचो," भारत म्हणाला आणि रस्त्याकडे बघत बसला.

निघताना उज्वला फाटकापर्यंत आली. "नाना, नवीन काही यांच्या लक्षात राहत नाही. तुम्ही आलात हेसुद्धा उद्या आठवायचं नाही. तरी यायचं असेल तर या."

पुढच्या मंगळवारी नाना गेले. भारत म्हणाला, "नाना, मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. तुम्ही सांगा ना." नानांनी पुन्हा सगळं सांगितलं. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. दर वेळी टॉवेलपाशी आलं की भारत तेच विचारायचा, मग कशाला ओरडलात?

पाचव्या खेपेला एसटीत बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं, तेवढं गाळलं तर कुणाला कळणार आहे? आणि त्यांनी गाळलं. सातवा संपला, आठवा सुरू झाला, तू पडलास.

"म्हणजे कुणाची चूक नव्हती," भारत समाधानानं म्हणाला.

उज्वला मशीनवरून उठून दारात आली. हातात अर्धवट शिवलेली बाही होती. ती रागावलेली दिसत नव्हती. "सगळं सांगा नाना," ती म्हणाली. "हे विसरतील. मी ऐकतेय."

नानांनी सातव्यापासून पुन्हा सुरुवात केली आणि टॉवेलचं सांगितलं.

"मग कशाला ओरडलात?" भारतनं विचारलं.

"मला अजून बघायचं होतं रे," नाना म्हणाले. "तुझ्यासाठी नाय. मला बघायचं होतं."

भारतला काय कळलं, किती कळलं, ते नानांना समजलं नाही. उज्वलानं दोघांना चहा आणून दिला. भारतचा उजवा हात वर येत नव्हता आणि डाव्यातही कप हिंदकळत होता. नानांनी खालून बशी धरली आणि त्याचा चहा पिऊन होईपर्यंत तशीच धरून ठेवली.

नाना अजून दर मंगळवारी वणीला जातात. भारत विचारतो, आणि ते काही न गाळता सांगतात.