आधीची गोष्ट नंतर आली, आणि मामांनी ती ऐकली

सदरकडच्या टॉकीजवर यानातल्या कप्तानच्या नव्या सिनेमाचं पोस्टर दिसलं आणि मी कॉलेजातून सायकल दामटत थेट धरमपेठेत मामांकडे गेले. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा उन्हाळा असेल. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते… आणि अंतराळातल्या सिनेमांसाठी ठार वेडी!

या कप्तानचा पहिला सिनेमा मला लहानपणी मामांनीच दाखवला होता. मामा शाळेत विज्ञान शिकवायचे. मला तेव्हा इंग्रजी कळायचं नाही, म्हणून पूर्ण सिनेमा त्यांनी कानात सांगितला होता. पिकल्या केसांचा एक कप्तान, जन्मभर यानातच राहणारा. सगळे पृथ्वीवर परत येतात, हा मात्र येत नाही… का, ते शेवटपर्यंत सांगितलंच नव्हतं. त्या 'का'वर मी आणि मामांनी किती वाद घातले असतील!

आता आला होता तो त्याच्या तरुणपणाचा सिनेमा. प्रिक्वेल वगैरे शब्द आम्हाला माहीत नव्हता. आधीची गोष्ट नंतर आली, एवढंच.

पण मधल्या काळात मामांची दृष्टी गेली होती. साखरेच्या आजारानं, वर्षभरात, दोन्ही डोळ्यांची. शाळेतली नोकरी सुटली. मामा घराबाहेर पडेनासे झाले. कुणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जाऊन बसायचे.

"मामा, कप्तानचा सिनेमा लागलाय. चला."

"अंधारात बसायले टॉकीजपर्यंत काहून जायचं वं? अंधार घरीच आहे."

मामी आत गेली आणि इस्त्रीचा बुशशर्ट आणून त्यांच्या हातात दिला. मामांनी इस्त्रीच्या घडीवरून बोटं फिरवली… आणि उठले.

सायकलरिक्षानं गेलो. मॅटिनीला गर्दी बेताचीच. कूलरची घरघर एवढी होती, की कुजबुजून काही ऐकूच जाईना.

"मामा, गोल यान आहे. कप्तान शिडीवरून उतरतोय… केस काळे कुळकुळीत. आणि मिशी आहे!"

"मिशी?" मामा खुदकन हसले. कितीतरी महिन्यांनी.

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मागे वळून 'श्श' केलं. मी आवाज खाली आणला. पाचेक मिनिटांत माझ्या खुर्चीच्या पाठीवर मागून टकटक झाली. झालं… आता हेही ओरडणार. लाजेनं माझे कान तापले.

"ताई, जरा जोरानं सांगा नं. आमाले इंग्रजी समजून नाही राहिलं."

"हौ, सांगा सांगा," आणखी कुणीतरी म्हणालं. 'श्श'वाले गृहस्थ उठून चार रांगा पुढे जाऊन बसले!

मग काय, मी सुटलेच. पण मध्यंतरानंतर माझी गाडी अडली. पडद्यावर कप्तान नुसता उभा आणि रेडिओवर कुणीतरी भराभर बोलतंय. ते उच्चार मला काही केल्या कळेनात. मी गप्प झाले. मागची रांग वाट बघत होती.

आणि मामा बोलायला लागले.

"त्याच्या हिशेबात चूक झाली म्हणते. दुसरं यान गेलं. त्यातले सगळे गेले." आवाज वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "आता घरी ये म्हणून सांगून राहिले त्याले. तो काय करते, पोरी?"

"काही नाही मामा… रेडिओ बंद केला त्यानं. दार लावून घेतलं."

पुढे सिनेमा संपेपर्यंत दिसेल ते मी सांगायचं आणि ऐकू येईल ते मामांनी. चुकलं की एकमेकांना दुरुस्तही करत होतो.

खरं सांगायचं तर सिनेमा पहिल्याइतका भारी नव्हता. यान पुठ्ठ्याचं वाटत होतं आणि गाणं तर उगाचच घातलेलं. पण इतक्या वर्षांच्या त्या 'का'चं उत्तर मिळालं होतं… दिवे लागले तरी मामा उठले नाहीत. "मले वाटे, त्याले पृथ्वी आवडत नाही," ते म्हणाले. "त्याले तर लाज वाटून राहिली होती वं."

मी त्यांचा हात धरून ठेवला.

बाहेर चहाच्या टपरीवर मागच्या रांगेतला तो टकटक करणारा माणूस आलाच. भोजराजभाऊ, लकडगंजात लाकूड कापायच्या आरा मशीनवर कामाला. "मास्तर, ते यान बिनपेट्रोलचं पुढं कसं जाऊन राहिलं होतं?" मामांनी टपरीवरचीच कप-बशी घेऊन समजावून सांगितलं. बघता बघता भोवती सात-आठ जण जमले. चहा गार झाला तरी मामा थांबेनात.

भोजराजभाऊंनी पत्ता विचारून घेतला. पुढच्या रविवारी सकाळी दारात हजर! सोबत दहावीत विज्ञानात नापास झालेली मुलगी. "हिले शिकवा मास्तर."

"मले दिसत नाही गा."

"तिले दिसते नं. ती वाचंन, तुमी समजावा."

मामा आतल्या खोलीत गेले नाहीत. सतरंजी टाकायला सांगितली…

ती पास झाली. मग तिच्या मैत्रिणी आल्या, मग गल्लीतली पोरं. मामा जाईपर्यंत, सतरा-अठरा वर्षं, ती सतरंजी रोज पसरली जायची.

मामांना विद्यार्थी परत मिळाले ते भोजराजभाऊंमुळे. भोजराजभाऊ इतके घरचे झाले होते, की त्यांचे आभार मानायचं कधी मनातच आलं नाही. मामा गेल्यावर भेटी तुटल्या; ते आता आहेत की नाहीत, मला माहीत नाही… त्यांच्या घरातलं कुणी हे वाचत असेल तर एवढंच सांगते, आमचं अख्खं घर तुमच्या ऋणात आहे.