लाडूआत्याची नात

घोडपदेवच्या चाळीत हेरंब साटमला सगळे 'लॅबवाला' म्हणायचे, आणि गड्याला ते आवडायचंही, खोटं कशाला बोला! परळच्या एका संशोधन संस्थेत तो रक्ताच्या नमुन्यांची माहिती कॉम्प्युटरवर चढवायचा. घराण्यातून उतरणाऱ्या कॅन्सरवर तिथे अभ्यास चालू होता. शेजारच्या गंगुबाईंना, म्हणजे चाळीच्या लाडूआत्याला, रक्त द्यायला त्यानेच नेलं. त्यांची मुलगी याच दुखण्याने गेलेली.

"नाव खय येवचा नाय मां रे झिला?" आत्याने विचारलं.

"माझ्या शब्दावर, आत्या."

आत्याची नात, त्या गेलेल्या मुलीची लेक प्राचीही तयार झाली, पण तिची एक अट होती. "हेरंबदादा, माझा रिझल्ट मला सांगायचा नाही हां. मला कळायचंच नाहीये."

मग संस्थेने नवा ऑनलाइन प्लॅटफॉर्म घेतला. सगळ्यांच्या जनुकांची माहिती एका जागी ठेवायची आणि दुसऱ्या लॅबनाही दाखवायची. खातं उघडा, प्रोजेक्ट बनवा, फायली चढवा, प्रत्येक नमुन्याला कोड द्या. नाव-पत्ता कुठेही नको, हे तर बजावून बजावून सांगितलेलं. पण ते लांबलचक कोड डोक्यात शिरतील तर शपथ! एकाची फाईल दुसऱ्याला लागली म्हणजे? हेरंबने शक्कल लढवली. सध्यापुरतं म्हणून कोडच्या जागी लिहिलं 'लाडूआत्या', आणि त्याखाली 'लाडूआत्याची नात'. चाळीत खरं नाव घेतो कोण? ते रेशनकार्डावर. टोपणनाव म्हणजे काही नाव नव्हे, असं त्या दीडशहाण्याला वाटलं. मागाहून बदलू म्हणाला, ते राहिलं, आणि प्रोजेक्ट तसाच शेअर झाला.

दादरला सगळ्या लॅबचं मिळून ट्रेनिंग होतं. शिकवणाऱ्या बाईंनी नेमका हेरंबचाच प्रोजेक्ट पडद्यावर उघडला.

"अय्या, लाडूआत्या?" माटुंग्याच्या लॅबमधली दीपिका हसून म्हणाली. "घोडपदेवची ना? माझी मावशी त्याच चाळीत राहते. गणपतीला आमच्याकडे हिचेच लाडू!"

मग तिची नजर पुढच्या रकान्यावर गेली. दोन्ही नावांसमोर लिहिलं होतं, 'जनुकात दोष आहे'. हेरंबने तिथल्या तिथे नावं पुसली, कोड घातले. बाईंनी मुकाट दुसरा प्रोजेक्ट उघडला. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दीपिका काही वाईट मुलगी नव्हे. काळजीपोटीच तिने मावशीला फोन केला, "आत्याला जपा गं, तिच्या नातीलाही." आणि चाळीतली काळजी ती, दाराआड थोडीच राहते!

हेरंब घरी आला तेव्हा गॅलरीतल्या बायका बोलता बोलता थांबल्या. तो तसाच आत्याकडे गेला आणि वाकला. "आत्या, चुकलं माझं."

आत्याने पाय मागे घेतले आणि नातीकडे बोट केलं. "माझा काय नाय रे. माझा झाला आता जगान. ह्या चेडवाक काय सांगतलंस, ता बघ."

प्राची ओट्यापाशी उभी होती. कुकरची शिटी होऊन गेली तरी तिने गॅस बंद केला नव्हता.

"दीपिकाची मावशी आलेली," ती म्हणाली. "डोक्यावरून हात फिरवून रडली. कशाला रडतेस विचारलं, तर बोलेना."

हेरंबने पुढे होऊन गॅस बंद केला.

"दादा, आईला होतं तेच ना?"

'नाही' म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण तो रकाना त्याने स्वतःच्या हाताने भरला होता.