आदिवासी भगिनींविषयीचं वाक्य

गर्भपाताच्या कायद्याचा विचार करायला सरकारने समिती नेमली आहे, ही बातमी वर्तमानपत्रातून आमच्या गावात दोन दिवस उशिरा पोचली. मी त्याच दुपारी पत्रक लिहायला बसले. धुळ्याच्या कॉलेजातून बी.ए. होऊन नुकतीच घरी आले होते. शहाद्यापासून तीन कोसांवर आमचं गाव, कापूस-केळीची शेती, आणि घरात वडिलांची एक लोखंडी पेटी. बेचाळीसच्या चळवळीत गुपचूप वाटलेली, पुढे कूळकायद्याची, दारूबंदीची, सहकाराची अशी सगळी पत्रकं त्यांनी त्या पेटीत जपली होती. मला अक्षरओळख झाली ती 'बंधूंनो आणि भगिनींनो' या शब्दांवर. माझ्या वयाच्या मुली अखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी पाठ करायच्या, मी मागण्या पाठ करायचे.

पत्रक काढणारे आम्ही तिघं होतो. शहाद्याचे एक डॉक्टर, एक निवृत्त गुरुजी आणि मी. डॉक्टरांनी एका तरुण विधवेला विहिरीतून काढलेलं पाहिलं होतं, म्हणून ते यात आले. गुरुजींना कुठल्याही चांगल्या कामात सही करायची सवय होती. पत्रक मी लिहिलं. अडल्या बाईला चोरून मरायला लावणारा कायदा बदला, बाईच्या जिवापेक्षा घराण्याची अब्रू मोठी नाही, असं त्यात रोखठोक होतं. त्यातल्या बहुतेक मजकुराची मला आजही लाज वाटत नाही.

लाज वाटते ती एका वाक्याची.

नंदुरबारच्या छापखान्यात आम्ही प्रूफ तपासत होतो. गुरुजींनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ताई, सगळं झालं, पण आपला अर्धा तालुका आदिवासी. त्यांच्याविषयी दोन ओळी नकोत? उद्या लोक म्हणतील, विसरले."

"खरंच की," मी म्हणाले, आणि उभ्या उभ्या प्रुफाच्या समासात लिहिलं: 'सातपुड्यातील आमच्या आदिवासी भगिनी याबाबतीत आमच्याहून कितीतरी मुक्त आहेत. त्यांच्यात कलंकाची कल्पना नाही, जडीबुटीचे पूर्वापार ज्ञान त्यांच्यापाशी आहे. त्यांना आमच्या दवाखान्याची गरज भासत नाही.'

हे ज्ञान मला कुठून मिळालं होतं? कॉलेजच्या सहलीबरोबर मी दोन दिवस तोरणमाळला गेले होते. बाजारात पोरी पोरांशी मोकळेपणाने हसताना पाहिल्या. जोडपं पळून गेलं तर पंच बसतात, मुलीच्या बापाला द्यायचं देज ठरतं आणि विषय मिटतो, असं कोणीतरी सांगितलं. मी भारावून परतले. त्या वाक्यात मला गौरव वाटत होता. एकाही भिल्ल बाईला मी विचारलं नव्हतं, आणि विचारायला मला डोंगर चढायची गरजही नव्हती. एक आमच्याच मळ्यात राहत होती.

ती आमच्या सालदाराची बायको. नवरा वर्षाच्या बोलीवर आमची बैलं आणि नांगर सांभाळायचा, ती वेचणी-निंदणीला असायची. घरी ती दोघं भिली बोलत, आमच्याशी अहिराणी. आमच्या घरात तिला "ए भिलीन" अशी हाक होती. मी मात्र तिला "बाई" म्हणायचे, आणि ते माझ्या मनात माझ्या खात्यावर जमा होत असे. ती मला म्हणायची, "माले बाई म्हनू नको व ताई, वेचनारन्या बाया हसतस."

मार्गशीर्षात कापसाची वेचणी चालली होती. मी मळ्यात गेले तर ती सरी सोडून माझ्याजवळ आली.

"ताई, तू कागद छापेल शे म्हने. पोट पाडाना."

"कोनी सांगं तुले?"

"तुन्हा बाप ओट्यावर वाची दावे सगळास्ले. मन्हा आदमी बैलस्ले चारा टाकी ऱ्हायंता." तिने हातातला कापूस ओटीत टाकला. "त्यामा आम्हनं काही शे का?"

"शे ना," मी म्हणाले.

आणि खरंच होतं की. काय होतं ते मी सांगितलं नाही.

मग तिने सांगितलं. मागल्या बाळंतपणात तिचं रक्त थांबेना. बैलगाडीत गोधडीवर घालून तिला शहाद्याला नेलं, आमच्याच डॉक्टरांकडे. त्यांनी तिला वाचवलं, आणि निघताना नवऱ्याला बजावलं होतं, की परत दिवस राहिले तर बाई हाती लागणार नाही. आता दोन महिने होऊन तिसरा लागला होता.

"माले मरानं नही, ताई," ती म्हणाली. "पोरं न्हानी शेतस."

माझ्या अंगात वीज भरली. पत्रकातली बाई माझ्यासमोर उभी होती! आणि कायदा मला पाठ होता. आईचा जीव वाचवण्यासाठी डॉक्टरने केलं तर तो गुन्हा नाही, एवढी पळवाट जुन्या कायद्यातही आहे. मी तिला म्हणाले, तू काळजी करू नको, डॉक्टर आपलेच आहेत.

बाजाराच्या दिवशी एस.टी.ने आम्ही शहाद्याला गेलो. डॉक्टरांच्या खोलीत मी खुर्चीवर बसले, ती माझ्या खुर्चीला टेकून जमिनीवर. तिथे दुसरी खुर्ची होती. मी ती ओढून दिली नाही, त्यांनीही दिली नाही.

मी सगळं मुद्देसूद मांडलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि पेनचं टोपण उघडझाप करत राहिले.

"तुम्ही म्हणता ते कलम मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण उद्या कोणी तक्रार केली तर जीव धोक्यात होता हे कोर्टात मला सिद्ध करावं लागेल. तालुक्याच्या गावात चारचौघांत राहायचंय मला."

"तुम्ही आमच्या पत्रकावर सही केलीत!"

"केली. कायदा बदलावा म्हणून केली. बदललाय का?"

"तिच्या जागी माझी बहीण असती तर?"

मग त्यांनी टेबलाचा खण उघडून आमचं पत्रक काढलं, बोटाने ओळ शोधली आणि माझं वाक्य मला वाचून दाखवलं. सबंध. 'जडीबुटीचे पूर्वापार ज्ञान त्यांच्यापाशी आहे. त्यांना आमच्या दवाखान्याची गरज भासत नाही.'

"तुम्हीच लिहिलंय," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. सुटका मिळाल्यासारखा होता तो आवाज. "यांच्यात म्हाताऱ्या असतात, त्या करतात काहीतरी. माझ्यापेक्षा सुरक्षित असेल कदाचित."

सभेत दहा जणांना पुरून उरणारी मी, पिशवी उचलून बाहेर आले.

एस.टी. स्टँडवर उसाच्या मोळीशेजारी आम्ही उभ्या राहिलो. तिला पुस्तकी मराठी सगळी कळत नसे, पण एक शब्द तिने पकडला होता.

"जडीबुटीनं काय वाची ऱ्हायंता तो?"

मी सांगितलं. कागदात लिहिलंय, की तुम्हा लोकांना जडीबुटी माहीत असते, दवाखाना लागत नाही.

"कोनी लिखं?"

मी म्हणाले, "सरकारनी."

याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेले नाही.

"सरकार कव्हय येल व्हतं मन्हा घर?" ती म्हणाली. "मन्ही माय वारनी तव्हय मी इतलीशी व्हती. माले कोन शिकाडी जडीबुटी? माले फक्त कापूस येचता येस."

परतीच्या गाडीत मी तिला सांगितलं की मी दुसरी काही सोय बघते.

मी काय बघितलं? पत्रकाचंच निवेदन करून त्यावर सह्या गोळा केल्या. ते समितीकडे पाठवलं. दोंडाईच्याला एका महिला मंडळात भाषण केलं, टाळ्या मिळाल्या. धुळ्याला मोठा सरकारी दवाखाना आहे हे मला ठाऊक होतं. तिथे न्यायचं तर डॉक्टरांची चिठ्ठी लागणार, चिठ्ठीसाठी परत त्या खोलीत जाऊन माझं वाक्य चूक आहे असं म्हणावं लागणार. मी मळ्याकडे जाताना तिच्या सरीच्या उलट बाजूने जाऊ लागले. ती रोज ओटी भरून कापूस वेचत होती. मला हाक मारत नव्हती. असे तीन आठवडे गेले.

मग पुण्याहून एका बाईंचं कार्ड आलं. आमचं पत्रक त्यांना फार आवडलं होतं, 'विशेषतः आदिवासी भगिनींच्या मुक्त जीवनाचा आपण केलेला उल्लेख'. वडिलांनी ते ओट्यावर मोठ्याने वाचलं. सालदार तिथेच दावं वळत बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं. बघितलं नसेलही.

मी कार्ड घेऊन तशीच मळ्यात गेले.

"ते कागदवरनं मी लिखेल शे," मी तिला म्हणाले. "जडीबुटीनं. सरकारनी नही. मी."

तिचा हात बोंडावरच थांबला.

"तू?"

"हा."

"मी तठेच बसेल व्हती ना. तुन्हा खुर्चीजोडे." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "माले इचारती तं मी तठेच सांगती त्याले, खोटं शे म्हनीसन. तू माले इचारं का नही?"

तिने ओटीतला कापूस गाठोड्यावर ओतला, पदर खोचला आणि म्हणाली, "चाल. आत्तेच."

या खेपेला ती जमिनीवर बसली नाही. डॉक्टरांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि मी तोंड उघडायच्या आत बोलू लागली.

"डॉक्टर, मांगला टाईमले तूच सांगं व्हतं ना, परत पोट ऱ्हायनं तं मरशी? मरशी हाई सांगाले तुले येस, अन् वाचाडाले येत नही? मन्हापाशी जडीबुटी ऱ्हाती तं मी तुन्हा दारशी काब्र येती? हाई पोरगीनी लिखं ते खोटं शे. तिले इचार."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"खोटं आहे," मी म्हणाले. "मला काही माहीत नव्हतं."

ते उठले, हात धुतले, पडद्यामागे तिला तपासलं. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. दिवस फार वर गेले होते. आता त्यांच्या दवाखान्यात होण्यासारखं राहिलं नव्हतं. त्यांनी धुळ्याच्या दवाखान्याला चिठ्ठी लिहिली: मागील बाळंतपणाचा इतिहास पाहता हिच्या जिवाला धोका आहे. खाली पूर्ण नावाची सही केली, स्वच्छ अक्षरात. त्यांच्या धैर्याला बहुधा एवढंच हवं होतं, की ती बाई समोर उभी राहून बोलावी.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी वाचून मला विचारलं, "महिनाभर आधी का नाही आणलंत? तासाभराचं काम होतं. आता पोट चिरावं लागेल."

त्यांनी पोट चिरलं. ती वाचली. ही माझी सुटका आहे असं कोणी समजू नये. टाके पिकले, महिनाभर ती खाटेवर होती. मळ्यात परतली तेव्हा तिच्याने भरलेली घागर उचलवत नव्हती, कापसाचं गाठोडं तर दूरच.

सालदाराचं वर्ष अखाजीला संपतं. त्या अखाजीला वडिलांनी त्याला परत ठेवलं नाही. मी भांडले. ते म्हणाले, "मला जोडपं लागतं. एकट्या गड्यावर मळा होत नाही." कूळकायद्याची पत्रकं जपणारे माझे वडील! मी जेवण सोडलं, दोन दिवसांनी परत जेवायला लागले. निर्णय बदलला नाही.

ती माणसं तोरणमाळच्या पायथ्याशी तिच्या भावाच्या गावी निघाली, त्या सकाळी मी एक पत्र घेऊन गेले. समितीला लिहिलेलं, आमच्या पहिल्या निवेदनातलं ते वाक्य चुकीचं आहे हे सांगणारं. या वेळी तिला विचारल्याशिवाय पाठवायचं नाही असं मी ठरवलं होतं. नवरा गाडीवर भांडी बांधत होता. ती झोपडीच्या दारात पोटाला हात धरून बसली होती. मी एकेक ओळ अहिराणीत करून वाचली. रक्ताचं, बैलगाडीचं, दवाखान्याचं तिने मान हलवून ऐकलं. मग मी वाचलं: 'समाजाच्या अज्ञानामुळे या बाईला वेळेवर मदत मिळाली नाही.'

"समाज कोन?" तिने विचारलं.

"समाज म्हनजे सगळा लोक."

"मी सगळास्ले नही इचारं," ती म्हणाली. "तुले इचारं व्हतं."

गाडीवर एक तवा खणकन पडला. नवऱ्याने तो उचलून परत बांधला. मी तिथेच मांडीवर कागद ठेवून ती ओळ खोडली, आणि वर लिहिलं, की या बाईने माझ्याकडे मदत मागितली, मी तिच्याशी खोटं बोलले आणि तीन आठवडे गप्प राहिले.

तिला वाचता येत नव्हतं. तिने खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हाई ना?"

"हाई," मी म्हणाले.

"आनि हाई तू?" बोट वरच्या ओळीवर.

"हा. हाई मी."

ती नवऱ्याचा हात धरून उठली आणि गाडीत चढली.