आय अ‍ॅम नॉट लाइकली

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील मुंबईहून मे महिन्यात येत तेव्हा ट्रंकेत कपड्यांखाली सभांची, मोर्च्यांची पत्रकं असत. त्यांवरच मी वाचायला शिकलो. पत्रकात 'कदाचित' नसतं. विजय निश्चित असतो, अन्यायाचा अंत अटळ असतो. त्यामुळे इंग्रजी व्याकरणात भविष्याबद्दलच्या विशेषणांचं पान आलं तेव्हा मला त्यातली सर्टन, शुअर, बाउंड एवढीच आवडली. लाइकली, पॉसिबल, अनलाइकली ही भित्र्या लोकांची विशेषणं वाटली.

तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. ताई बी.कॉम. झाली होती आणि रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्लार्कच्या जागेसाठी तिला मुलाखतीला बोलावलं होतं. साहेब इंग्रजीतून विचारतो, असं आधी जाऊन आलेल्या मुली सांगत. मुलींना एक प्रश्न हमखास: लग्न ठरलं की नोकरी सोडणार का? आणि नेमके त्याच आठवड्यात राजापूरकडचे पाहुणे ताईला बघून गेले होते. मुलगा मुंबईला कामाला. त्यांचा निरोप मामा आणणार होता.

मी ताईला उत्तर पाठ करायला दिलं: आय अ‍ॅम सर्टन टू स्टे.

"खात्री आहे मला? कुणी दिली?" तिने विचारलं.

मी म्हटलं, प्रश्नच अन्यायाचा आहे, पुरुषांना विचारतो का तो? मग त्याला खरं उत्तर कशाला द्यायचं? तिला ते अर्धंच पटलं. प्रश्न त्याचा असला तरी तोंड माझं आहे, म्हणाली.

मग तिने पुस्तक ओढून घेतलं आणि 'शी इज लाइकली टू लीव्ह' या वाक्यापाशी थांबली. मराठीत आपण 'ती जाण्याची शक्यता आहे' म्हणतो. शक्यता वेगळी उभी असते, माणूस वेगळं. इंग्रजीत ती थेट माणसालाच चिकटते.

"म्हणजे मी उंच, मी सावळी, तशी मी लाइकली?" ती हसली आणि लगेच पुन्हा पुस्तकात बघू लागली. पाहुण्यांनी तिला चालायला लावून 'उंची बरी आहे, रंगाने कमी' असं तिच्यासमोरच म्हटलं होतं. माझं डोकं फिरलं. साहेब आणि पाहुणे, दोघांविरुद्ध मी भाषण सुरू केलं.

"तुझी सभा संपली की सांग," ती म्हणाली. "नॉट कुठे घालायचं ते विचारायचंय."

मुलाखतीत तो प्रश्न आलाच. ताई म्हणाली, आय अ‍ॅम नॉट लाइकली, सर. वाक्य तिथेच तुटलं. नॉट लाइकली टू व्हॉट, साहेबाने विचारलं. तेव्हा तिने 'टू लीव्ह' जोडलं, आणि वर हेही सांगून आली की इट इज पॉसिबल, कारण ते खरं होतं. साहेब हसला म्हणे. सोमवारपासून ये, म्हणाला.

त्याच संध्याकाळी मामा आला. पाहुण्यांचा होकार होता. लग्न मे महिन्यात, मग मुंबई. आईचा चेहरा उजळला. ताईने शांतपणे सांगितलं, सोमवारी मी कामावर जाणार, त्यांना एक वर्ष थांबायला सांग. ते थांबायचे नाहीत, मामा म्हणाला, आणि वर टोमणा मारला:

"साहेबाला काय शब्द दिलायस काय गो?"

"शब्द नाय दिला, मामा. अंदाज सांगितला. आजवर माझा अंदाज दुसरेच करायचे."

मी तोंड उघडणार होतो. ताईने माझ्याकडे नुसतं बघितलं. मामा चहा न घेताच उठला.

आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिने जाऊ नको म्हटलं असतं तर ताई गेली नसती, हे मला माहीत होतं. त्या दोन दिवसांत मला एकही पत्रक आठवलं नाही. रविवारी संध्याकाळी सुकट निवडता निवडता आईने मान वर न करता विचारलं, "सकाळची यष्टी किती वाजता गो?"

ताईने सांगितलं.

"मग भाकऱ्यांना लवकर उठायला हवं," आई म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.