पट्टीखालचा उजेड

बिरवाडीपासून वीरच्या स्टेशनापर्यंत मोजमाप घेऊन मगच बोलणारं माणूस एकच आहे, आणि ते म्हणजे आपण, असं उज्वला हाटेचं ठाम मत होतं.

महाडच्या आयटीआयमध्ये मशिनिस्टच्या वर्गात ती एकटी मुलगी. पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "शिवणकाम पलीकडच्या खोलीत शिकवतात, माहीत आहे ना?" तिनं त्यांच्या टेबलावरचा गुण्या उचलला, खिडकीशी धरला आणि तो गुण्याच काटकोनात नसल्याचं दाखवून दिलं. मास्तर वर्षभर तिच्याशी जपून बोलले.

पुढे औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कारखान्याच्या टूलरूममध्ये तिनं अकरा वर्षं काढली. तिथला फोरमन मंगेश, पोलादपूरचा. बसत नसलेली कुठलीही वस्तू हातोडीनं बसते अशी त्याची श्रद्धा. एकदा त्यानं पाइपाच्या जोडाची एकच बाजू तपासून दुसरी ठीक असणार असं गृहीत धरलं, आणि जोड गळला. उज्वला सगळ्यांदेखत म्हणाली होती, "मंगेशभाऊ, लग्न पण एकाच बाजूला विचारून ठरवलं होतं का?" तेव्हापासून दोघांचं फारसं जमत नव्हतं.

कॉम्प्युटरशी तिची गाठ एका एप्रिलमध्ये पडली. कंट्रोलरूममधला कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडायचा. चार इंजिनिअर जमले, तासभर चर्चा झाली, आणि चौघांच्या डिग्र्या मिळून कॉम्प्युटरसमोर एक टेबलफॅन आला. उज्वलाला हसू आवरेना. कारखान्यातल्या तापत्या भांड्यांना बाहेरून पाण्याचं आवरण असतं, ते पाणी फिरतं म्हणून भांडं थंड राहतं, हे ती रोज बघत होती. नखाएवढ्या जागेत एवढी उष्णता साठत असेल, तर तिथेही पाणीच न्यायला हवं. भंगारातल्या तांब्याच्या पट्टीतून तिनं काडेपेटीएवढा ठोकळा कापला, वरच्या अंगाला केसासारखे बारीक चर पाडले, त्यावर अॅक्रिलिकचं झाकण आणि रबराची रिंग बसवली. चरांतून पाणी खेळवलं आणि खालची बाजू प्रोसेसरवर दाबून बसवली. कॉम्प्युटर पावसाळ्यापर्यंत एकदाही बंद पडला नाही. टेबलफॅन इंजिनिअरांनी स्वतःकडे वळवून घेतला.

मग बिरवाडीतल्या भाड्याच्या खोलीत एक जुनं मिलिंग मशीन आलं. सुट्टीच्या दिवशी ती ठोकळे बनवी आणि महाडला सयाजीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात ठेवी. तिथे येणारी पोरं विचारत, "पाण्यात निळा दिवा लागेल का?" ती विचारी, "मासे पण सोडू का?" सयाजी घाईघाईनं गिऱ्हाइकाला दुसऱ्या कपाटाकडे नेई.

त्याच दुकानात तिनं एक तयार, परदेशी ठोकळा हातात घेतला. त्याच्या तळावर पोलादी पट्टी उभी धरली तर पट्टी डुलायला लागली. तळ मध्ये किंचित फुगीर होता.

"पोट सुटलंय याला," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या कंपनीत पॉलिश पेपर मिळत नाही?"

"उज्वलाताई, बाहेरचा माल आहे तो," सयाजी म्हणाला.

"मग बाहेरचं पोट म्हणा."

तिचा स्वतःचा ठोकळा जाड काचेवर, ओल्या पॉलिश पेपरवर, आठाचा आकडा काढत तासन्‌तास घासला जाई. शेवटी तळ असा सपाट होई की त्यात वर्तमानपत्राची उलटी अक्षरं स्पष्ट दिसत. एवढं बारीक काम आपण कोणासाठी करतो, असा प्रश्न तिला पडत नसे. ते कोणाला कळणार नाही याची तिला खात्री होती आणि त्या खात्रीत तिला एक प्रकारचं समाधानही होतं.

यंदा मार्चमध्ये सयाजीनं एक काम आणलं. पोलादपूरला दीप्ती नावाच्या सिव्हिल इंजिनिअरचं ऑफिस होतं. ती घाटातल्या उतारांचे ड्रोननं फोटो काढी आणि हजारो फोटो जोडून डोंगराचे नकाशे बनवी. तिचे बारा कॉम्प्युटर दिवसभर पूर्ण ताकदीनं चालत, आणि त्यांच्या प्रोसेसरवरच्या तयार, पाण्याच्या कूलरचे पंप दोन उन्हाळ्यांत थकले होते. दीप्तीनं सरळ सांगितलं, "एका मशीनवर तुमचा ठोकळा लावा. तेच फोटो, तेवढाच वेळ. जुन्यापेक्षा थंड राहिलं, तर बाराही तुमचे. नाहीतर मी तयारच मागवते."

बारा ठोकळे म्हणजे खोलीचा कारखाना होणार होता. उज्वलानं चाचणीची वाट न बघताच राजीनामा लिहून मंगेशच्या टेबलावर ठेवला. आपला ठोकळा हरेल ही शक्यता तिनं मोजलीच नव्हती.

शुक्रवारी दुपारी ती पोलादपूरला पोचली. मंगेशची साप्ताहिक सुट्टी होती. तो दीप्तीच्या ऑफिसात आधीच खुर्ची पकडून बसला होता.

"तुमचं काय काम इथं?" तिनं विचारलं.

"काय नाय गो बाय. घर जवळ हाय, म्हटलं बघून येऊ. तुझा कागद मी अजून वर पाठवला नाय. सोमवारी पहिल्या पाळीला येशील, म्हणून ठेवलाय."

तिनं वही उघडली. जुन्या कूलरवर मशीन चौऱ्याऐंशी अंशांवर चालत होतं, ते तिनं वहीत टिपलं. मग तो काढला, प्रोसेसरचं धातूचं झाकण पुसलं, उष्णता पुढे नेणारी पेस्ट वाटाण्याएवढी लावली आणि आपला ठोकळा बसवला. चारही स्क्रू समोरासमोरचे, पाव पाव फेरा देत आवळले. पंप सुरू झाला. दीप्तीनं फोटोंचं काम चालू केलं.

सत्तर. ऐंशी. एकोणनव्वद. दहाव्या मिनिटाला त्र्याण्णव, आणि मशीन आपणहून मंद झालं.

"आयला," मंगेश म्हणाला, "हा तर चहाचा टोप हाय!"

पेस्ट जुनी असेल. खोली तापली असेल. पंपात हवा असेल. उज्वलानं एकेक कारण मनात उचललं आणि खाली ठेवलं. हीच कारणं इंजिनिअर देत तेव्हा ती हसत असे. दीप्ती खुर्चीत मागे रेलली. "हाटेताई, मला सोमवारी नकाशा द्यायचाय. राहू दे का मग?"

"पाच मिनिटं," उज्वला म्हणाली.

तिनं ठोकळा उचलला. तळावर पेस्टचा ठसा उमटला होता. दोन कडांना ती पार दाबून निघाली होती, तांबं दिसत होतं. मधोमध मात्र जाड राखाडी थर तसाच होता. तिनं खिशातून पोलादी पट्टी काढली आणि प्रोसेसरच्या झाकणावर उभी धरली. पट्टीखालून, नेमक्या मध्यातून, खिडकीचा उजेड आला.

झाकण खोलगट होतं. बोर्डावरचा खटका प्रोसेसरला दोन बाजूंनी दाबून धरी, तेवढ्यानं ते मध्ये खचलं होतं. तयार ठोकळ्याचा फुगीर तळ त्या खळग्यासाठीच केलेला होता. तिनं घासघासून आरसा केला आणि तो आरसा खड्ड्यावर पालथा घातला. वर्षभरात एकदाही दुसरी बाजू मोजली नाही.

एकच बाजू तपासायची, ही तर मंगेशची चूक होती. मंगेशच्या नावानं तिनं ती टूलरूमभर मिरवली होती. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"काय झालं?" दीप्तीनं विचारलं.

"माझी चूक झाली," उज्वला म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून निघालेलं मंगेशनं अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. तो चक्क पुढे सरकून बसला. "नकाशे छापायची पारदर्शक फिल्म आहे का तुमच्याकडे?"

होती. मायक्रोमीटरनं मोजली, मिलिमीटरचा दहावा भाग भरली. तिनं ठोकळ्याचं झाकण उघडलं आणि फिल्मचा छोटा चौकोन कापून चरांच्या मधोमध ठेवला. झाकण परत आवळलं. कडा स्क्रूंनी खेचल्या गेल्या, मधे फिल्मनं रेटा दिला. तळावर पट्टी धरली, तर पट्टी डुलली. सगळे आठाचे आकडे वाया गेले. हवा भरून गळती तपासली, सगळं पुन्हा बसवलं आणि फोटो चालू केले.

पंचाहत्तरपाशी आकडा घुटमळला, मग बहात्तरवर उतरला आणि तासभर तिथून हलला नाही.

दीप्ती म्हणाली, "छान. मग बाकीचे अकरा असेच बनवून पाठवा."

"असेच कसे? वडापाव आहेत का? प्रत्येक प्रोसेसरचं झाकण वेगळं वाकलेलं असणार. एकेक उघडून बघावं लागेल."

मंगेशनं घसा खाकरला. "मग कागदाचं काय करू?"

"पाठवा वर. सही सरळ बाजूनं आहे, कागद उलटा धरू नका." तिनं पुढच्या कॉम्प्युटरची बाजू उघडायला घेतली. कोपऱ्यात अंधार होता. तिनं मोबाइलचा टॉर्च लावून मंगेशच्या हातात दिला. "धरा. हलू नका, तेवढं जमेल."

मंगेशनं टॉर्च धरला. उज्वलानं जुना कूलर काढला, प्रोसेसरचं झाकण पुसलं, त्यावर पट्टी टेकवली आणि गाल टेबलाला लावून बघितलं. इथे उजेड पहिल्यापेक्षा बारीक होता, आणि थोडा डावीकडे. तिनं वही ओढली आणि दोन नंबरच्या मशीनसमोर तेवढंच लिहिलं.